वाट्याचं पाणी

आई गेल्यावर अभिनवने वडिलांना, नागोरावांना, यवतमाळकडच्या गावाहून कायमचं पुण्याला आणलं. विश्रांतवाडीच्या पुढे त्याची नवी सोसायटी होती. इमारती उभ्या राहिल्या, पण नळाची लाइन काही तिथवर पोचली नव्हती. टँकर येईल तेवढंच पाणी. नागोराव दिवसाआड आंघोळ करू लागले. मग ताट धुवायला नको म्हणून पोळीभाजी हातावर घेऊन खाऊ लागले. एका सकाळी ते पिशवी घेऊन दारात उभे राहिले.

"गावाले जातो. माह्या वाट्याचं पानी लेकराले होईन."

"बाबा, तिथं आता कोण आहे तुमचं?"

"विहीर हाये ना."

अभिनवने त्यांची पिशवी घट्ट धरली. तेवढ्यात बाथरूममधून बायकोची हाक आली, "अभिनव, पाणी गेलं. बाळाच्या अंगाला अजून साबण आहे."

पिशवीवरचा त्याचा हात सुटला.