एल्द्रिदकडची चिठ्ठी

हेल्गेने वॉफल्सची ताटली बाजूला सारली आणि टेबलभर नकाशा पसरला. एका कोपऱ्यावर जॅमची बरणी ठेवली, दुसऱ्यावर कॉफीची किटली.

"यंदा बर्फ नुसता पडणार नाही, कोसळणार आहे," तो म्हणाला. "दारातलं रोवनचं झाड बघितलंत? लाल फळं मोजून दहा-बारा. ते झाड फळांचं आणि बर्फाचं ओझं एकाच वर्षी उचलत नाही."

"गेल्या वर्षीही हेच म्हणाला होतास," सिन्नोवे म्हणाली. "आणि जानेवारीत आपण स्की खांद्यावर टाकून चिखल तुडवत होतो."

"गेल्या वर्षी झाड चुकलं."

वॉफलच्या साच्यापाशी उभी असलेली एल्द्रिद हसली. ऑक्टोबर लागला, समोरच्या फिओर्डच्या, म्हणजे डोंगरांत शिरलेल्या खाडीच्या, पलीकडच्या शिखरांवर पहिली पांढरी रेघ दिसली, की एका रविवारी हे तिघं तिच्या टेबलाशी हजर. तिचा नवरा यूस्ताइन, त्याचा शाळेपासूनचा दोस्त हेल्गे आणि शाळेत गणित शिकवणारी सिन्नोवे. जिथे ना स्कीवाल्यांना वर नेणारा पाळणा जातो ना वाट, अशा डोंगरांवर पायांनी चढायचं आणि कोऱ्या बर्फावरून खाली यायचं, याचं तिघांना वेड. एल्द्रिदची स्की गावामागच्या सपाट रानापुरती. तिच्याकडे असायची ती चिठ्ठी. कोणत्या वाटेने जाणार, परत कधी येणार, आणि खाली ठळक अक्षरांत, इतक्या वाजेपर्यंत आलो नाही तर बचाव पथकाला फोन कर. ती चिठ्ठी फ्रिजवर लावायची आणि घड्याळाकडे बघत बसायचं.

"फेब्रुवारीत ही पूर्वेची उतरण," हेल्गेने बोट ठेवलं.

"नाही," सिन्नोवे म्हणाली.

हेल्गेचं बोट मुकाट पुढे सरकलं. त्यांचा नियमच होता तसा. एकाने नाही म्हटलं की बेत संपला. कारण विचारायचं नाही, तोंड वाकडं करायचं नाही. वीस वर्षांत तो कोणी मोडला नव्हता, आणि तिघंही अजून धडधाकट होते.

बोट ग्रोटिंद शिखराच्या उत्तरेला थांबलं. "आणि मार्चमध्ये ही घळ. एप्रिलात पायथ्यापासून परत फिरलो, तेव्हापासून मला झोप नाही. सहा-सात वर्षांतून एखाद्याच हिवाळ्यात ती बर्फाने काठोकाठ भरते. मी साठीला टेकलोय, पुढच्या वेळी नातवंडं मला तिथे पाठुंगळीवर नेणार आहेत का?"

"मला चालेल," सिन्नोवे म्हणाली.

"मलाही," यूस्ताइनने पेन्सिल उचलली आणि घळीवर रेघ ओढली. "आठला निघायचं. चारला परत. सहानंतर एल्द्रिद फोन करेल."

"पण सहा म्हणजे सहा हं, एल्द्रिद," हेल्गेने डोळा मारला. "पुन्हा तुझं हेलिकॉप्टर नको. आम्ही आपले गाडीपाशी सॉसेज भाजतोय आणि डोक्यावर घर्रर्र!"

तिघंही हसले. दोन वर्षांपूर्वी त्यांना थोडा उशीर झाला आणि एल्द्रिदने पथकाला फोन केला होता; गोष्ट जुनी, पण हेल्गे ती दर समारंभात सांगायचा, आणि एल्द्रिदही दर वेळी हसायची.

आज तिला हसू आलं नाही. एप्रिलात याच घळीच्या पायथ्याशी ते गेले होते. चिठ्ठीतले सहा वाजले, सात वाजले, साडेआठ वाजले. त्या भागात फोन लागत नाही. ती फोन हातात घेऊन ओट्यापाशी उभी होती आणि तिने तो केला नाही. हेल्गे पुन्हा गोष्ट करून सांगेल म्हणून केला नाही. पावणेनऊला गाडी दारात आली. तिघं बर्फाखाली असते, तर तिच्या लाजेपायी मेले असते. हे तिने कुणालाच सांगितलं नव्हतं, यूस्ताइनलासुद्धा नाही.

तिने वॉफलच्या साच्याची वायर काढली.

"नाही," ती म्हणाली.

"सहा नको?" यूस्ताइन खोडरबर शोधू लागला. "मग सात लिहू?"

"सहा नाही, सात नाही. त्या घळीलाच माझं 'नाही' आहे."

हेल्गे तोंडात वॉफल तसाच धरून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याने तो कसाबसा गिळला. "अगं, पण तू कुठे येणार आहेस? तू तर इथे घरात..."

"तिघं वर जाता. चौथी इथे बसते. बेत चौघांचाच असतो, हेल्गे."



"पण का?" हेल्गेचा आवाज लहान मुलासारखा झाला. "निदान एवढं तरी सांग..."

"हेल्गे," सिन्नोवे हळूच म्हणाली. "कारण विचारायचं नाही."

हेल्गेने यूस्ताइनकडे पाहिलं. यूस्ताइन बायकोकडे बघत होता, बराच वेळ. मग त्याने खोडरबर घेतलं आणि घळीवरची पेन्सिलची रेघ खोडली. पूर्ण जाईपर्यंत खोडली. कागदावरचा चुरा त्याने तळहाताने झटकला.

हेल्गेने उरलेली कॉफी एका घोटात संपवली. तोंड वाकडं करायचं नाही, हे त्याला जड जात होतं, पण त्याने केलं नाही. त्याने नकाशा स्वतःकडून अर्धा फिरवून टेबलाच्या रिकाम्या बाजूला सरकवला आणि दक्षिणेच्या एका रुंद उतारावर बोट ठेवलं.

"आणि हा, एल्द्रिद? हा चालेल?"

एल्द्रिदने ॲप्रनला हात पुसले आणि खुर्ची ओढली. नकाशावरच्या रेषा फार बारीक होत्या.

"थांब," ती म्हणाली, "चष्मा आणते."