मंगळवारची वही

रविवारी इटलीतल्या त्रिएस्तेच्या घरात मटार सोलता सोलता ऑर्नेला मुलीला जुनी गोष्ट सांगत होती. बालमानसोपचार शिकताना दोन वर्षं दर मंगळवारी तिला एका परक्या घरी तान्ह्या बाळाजवळ तासभर बसावं लागे. “रडलं तरी उचलायचं नाही. नुसतं बघायचं आणि घरी येऊन आठवून वहीत लिहायचं.”

“मग माझी वही कुठाय, मम्मा?” लिव्हियाने हसत विचारलं.

“स्वतःच्या पोरीचं निरीक्षण चालत नाही, वेडे. तसा नियमच आहे. आणि तुझं लिहायचं तरी काय? तू कधी रडायचीसच नाहीस.”

सोमवारी पहाटे ऑर्नेला झोपेतच गेली. शवपेटीत ठेवायला तिचा चष्मा शोधताना लिव्हियाला ती वही सापडली. त्या बाळाची बोटंसुद्धा कशी हलली, ते सगळं लिहिलेलं होतं. एका पानाच्या समासात वेगळी ओळ होती: ‘लिव्हिया तापाने फणफणली आहे. निघताना पायाला बिलगून रडत होती. तरी वेळेवर पोचले.’

झाकण लावायला माणसं आली. सेहेचाळीस वर्षांच्या लिव्हियाने आईच्या डोळ्यांवर चष्मा नीट बसवला आणि ती सगळ्यांदेखत म्हणाली, “मम्मा, मला उचलून घे ना.”