एक बोट धरा

“बाबा, एक बोट धरा,” म्हणत मी उजव्या हाताची दोन बोटं त्यांच्यापुढे केली.

आमच्या घरात काही ठरेनासं झालं की हेच चालायचं. मनात एकेका बोटाला नाव द्यायचं. समोरच्याने जे धरलं, ते ठरलं. सायन्स की कॉमर्स, हेही बाबांनी असंच हसत हसत ठरवलं होतं. पॅरालिसिसच्या झटक्यात त्यांची वाचा गेली. आता हातही एकच चालत होता. मला एमबीएला दोन कॉलेजांत प्रवेश मिळाला होता, इंदूरला आणि कोचीला. देशातल्या क्रमवारीत एक नववं, दुसरं दहावं. फी सारखी, नोकऱ्याही सारख्याच. संध्याकाळपर्यंत एकाला होकार कळवायचा होता.

बाबा बराच वेळ बोटांकडे बघत राहिले. मग त्यांनी दोन्ही बोटं एकदम धरली.

“एकच धरायचं, बाबा.”

मूठ आणखी आवळली गेली. ते माझ्याकडे बघत होते. त्यांना काय म्हणायचंय ते मला कळलं.

“राहू दे, आई,” मी म्हटलं. “पुढच्या वर्षी बघू.”

आई त्यांचं अंग पुसत होती. तिने पंचा बाजूला ठेवला, त्यांची बोटं एकेक करून उलगडली आणि रिकाम्या झालेल्या मुठीत स्वतःचं मनगट दिलं. बाबांनी तेही तितकंच घट्ट धरलं.

“यातलं लांबचं कुठलं?” तिने माझ्याकडे न बघता विचारलं. “तिथे हो म्हणून कळव.”