गोदूताईंचा सहावा टेक

"आमच्या ठकीचा ताप उतरला का हो?" गोदूताई आगटेंनी सहाव्यांदा विचारलं. त्यांच्या लेखी मात्र ते पहिल्यांदाच होतं.

'पाच मिनिटांत थोर' या मालिकेसाठी वाहिनीने त्यांना अस्थींवरून आणि पत्रांवरून पुन्हा जिवंत केलं होतं. प्लेगच्या छावणीत शेकडो पोरं वाचवणाऱ्या या बाईंना जाग यायची ती त्या प्लेगच्याच वर्षातल्या एका सकाळी. पोटची पोर घरी तापाने गेल्याचं त्यांना ठाऊक नसायचं. ते सांगायचं काम निवेदिका शाल्मलीचं, आणि ऐकतानाचा चेहरा टिपायचा कॅमेऱ्याने. टेक बिघडला की स्मृती पुसायची आणि पुन्हा पहिल्यापासून.

पहिल्या टेकला शाल्मलीच रडली. दुसऱ्याला गोदूताईंच्या चेहऱ्यावर माइकची सावली पडली. पाचव्याला तिला राहवलं नाही आणि तिने सांगून टाकलं, "उतरला हो ताप. पेज मागतेय." गोदूताई अशा काही हसल्या की सेटवरचे सगळे बघत राहिले.

"पुसा ते!" दिग्दर्शक दिघे ओरडला. "शाल्मली, लोक जेवायचे थांबलेत."

भूक शाल्मलीलाही लागली होती. "ताई, ठकी गेली," या वेळी ती शांतपणे म्हणाली, आणि संहितेत नसलेलं एक खोटं वाक्य तिने पदरचं जोडलं. "शेवटपर्यंत दाराकडे बघत होती."

टेक एकदम ओके झाला. टाळ्या पडल्या, सगळे जेवायला पळाले. घाईत गोदूताईंची स्मृती पुसायचं तेवढं राहून गेलं.