नोंद काढते

"ओ निगेटिव्ह दात्यांच्या नोंदी काढ," असं रक्तपेढीच्या एआय मदतनिसाला सांगून रेवती पडद्याकडे बघत राहिली. शेजारच्या रुग्णालयात एक बाळंतीण रक्तावाचून अडली होती. पण यादी येण्याऐवजी दात्यांचा आकडाच घटू लागला. अकरा. नऊ. सहा.

रेवतीच्या लक्षात आलं. मयत दात्यांची नोंद पुसायला मदतनिसाला दिलेल्या सोयीचं वर्णन तिनेच लिहिलं होतं: 'दात्याची नोंद काढते.' मदतनिसाने त्याचा अर्थ 'शोधून देते' असा घेतला होता.

तिने 'थांबवा'चं बटण दाबलं, तेव्हा चारच नावं उरली होती. तिने लगेच पहिल्याला फोन लावला. घंटा वाजत राहिली. मग आवाज आला, "निघालोच, ताई."

बाळंतीण सावरल्याचा निरोप आला, तेव्हा तो दाता रक्त देऊन अजून बाकावरच बसून होता. रेवतीने झालेला घोटाळा सांगून नवं वर्णन त्याच्यापुढे धरलं. "यातून काय समजतं, सांगाल?"

'नोंद कायमची पुसते. दाता मरण पावल्याची खात्री असेल तरच वापरावी.'

तो हसला. "म्हणजे मी थोडक्यात वाचलो!"

रेवतीला हसता आलं नाही. पुसली जाणारी पुढची नोंद त्याचीच होती.