मुठीजवळची टेप

बर्फावरचा सामना संपला तेव्हा डार्सीच्या ओल्या केसांतून वाफा निघत होत्या. सीमेपलीकडच्या कॉलेजचा कोच तिलाच संघासाठी निवडायला आला होता. तिची हॉकी स्टिक उचलून तो मुठीजवळची टेप वाचायला लागला. सामन्यात आपली पाळी येईपर्यंत बाकावर बसून पाठ करायला तिनं तिथं रसायनशास्त्राची सूत्रं लिहिली होती. "काढून टाक हे!" त्यानं टेपचं टोक नखानं उचकटलं. "आमच्याकडे लॅब आणि प्रॅक्टिस एकाच वेळी असतात. सोपा विषय घे, जागा तुझीच." बाबांनी मागून ढोसलं, "अगं, हो म्हण!" गावात अशी जागा कुणालाच मिळाली नव्हती. डार्सीनं त्यानं आल्याआल्या दिलेली कॉलेजची टोपी त्याला परत केली, स्टिक हिसकावली. "कोच, शेवटच्या गोलला उभं राहून टाळ्या वाजवल्यात ना? तो या सूत्रांसकटच मारलाय. प्रॅक्टिसची वेळ बदललीत तर फोन करा." उचकटलेलं टोक तिनं अंगठ्यानं दाबून बसवलं.