मनातलं मनात

"मनीषाच्या आमटीला आजही चव नाही," उशाशी ठेवलेली डबी शेवंताबाईंच्याच आवाजात बोलली.

जेवणाचा डबा घेऊन आलेल्या सुनेचा, मनीषाचा, चेहरा उतरला. शेवंताबाईंनी डोळे गच्च मिटले. अर्धांगवायूच्या झटक्यात त्यांची वाचा गेली होती. उपचार केंद्रात आल्यापासून त्यांच्या मनात येईल ते ही यंत्राची डबी बोलून दाखवायची. पाणी हवंय, पाय दुखतोय, हे सांगायचीच; पण जन्मभर गिळून टाकलेलंही चारचौघांत ओकायची.

"आईला आता काही लपवता येत नाही," मुलगा धनंजय कौतुकाने सांगायचा.

नव्या सिस्टर फिलोमिना ते ऐकून भडकल्या. "सगळं ऐकवायचंय का, हे त्यांना कुणी विचारलं? आजारी पडलं म्हणून माणसाचं मन काय धर्मशाळा होतं?"

त्यांनी शेवंताबाईंच्या हलणाऱ्या अंगठ्याखाली एक बटण बसवलं. ते दाबल्याशिवाय डबी बोलणार नव्हती.

"मग आईच्या मनातलं आम्हाला कळणार कसं?" धनंजयने विचारलं.

"विचारायचं. सांगावंसं वाटलं तर सांगतील."

डबी गप्प झाली. दुसऱ्या दिवशीही बराच वेळ ती बोलली नाही, तसा धनंजय अस्वस्थ झाला. आईजवळ सरकून त्याने विचारलं, "आई, कसला विचार करतेस गं?"

शेवंताबाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिलं. मग अंगठा हळूच दाबला.

"तुला काय करायचंय?"

धनंजय हसतच सुटला. हसता हसता त्याचे डोळे भरून आले. कितीतरी महिन्यांनी त्याची आई बोलली होती.